सुकडीचे लाडू

शरच्चंद्र निमगावकरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं संध्याकाळचं फिरणं बंद पडलं, तेव्हा त्याचा खरा त्रास झाला तो त्यांच्या बायकोला. बहात्तर वर्षांचा, पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला हा माणूस दिवसभर घरात बसून डब्यांची झाकणं तपासू लागला, दूध किती तापवलं ते विचारू लागला. रुक्मिणीबाईंनी पंधरा दिवस सोसलं. मग एक दिवस व्हॉट्सॲपवर आलेली जाहिरात त्यांच्यासमोर धरून त्या म्हणाल्या, "अहो, हे बघा. ज्येष्ठांसाठी ऑनलाइन चित्रकला. शाळेत तुम्हाला चित्रकलेत बक्षीस मिळालं होतं ना? मी तुमचं नाव घातलंय."

तेव्हापासून दर बुधवारी आणि शनिवारी दुपारी चार वाजता निमगावकर जुळे सोलापूर भागातल्या आपल्या हॉलमध्ये इस्त्रीचा शर्ट घालून मोबाइलसमोर बसू लागले. खाली लेंगाच असायचा. मोबाइलमध्ये छातीपर्यंतच दिसतं हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं.

क्लास घेणारी श्रावणी पुण्याची, तिशीतली मुलगी. सोलापूर जिल्ह्यातली सोळा-सतरा म्हातारी माणसं तिच्यापुढे चौकोनाचौकोनात बसलेली असत. निवृत्त शिक्षक होते, बँकेतले होते, एक-दोन गृहिणी होत्या. आणि एक जेऊरच्या बजाबाई होत्या. साठी नुकतीच ओलांडलेली, डोक्यावरून पदर घेतलेली शेतकरी बाई. त्या सुनेच्या मोबाइलवरून येत, आणि त्यांच्यामागे कधी गोठा दिसे, कधी वाळत घातलेल्या मिरच्या. रंगांची पेटी आणायला त्यांना जमलं नव्हतं, म्हणून त्या हळद, चुन्याची निवळी आणि कोळसा वापरत. निमगावकरांना त्याचं पहिल्यांदा हसू आलं होतं. पण बाईंचा हात असा मोकळा चालायचा की दोन-तीन क्लासनंतर सगळेच त्यांच्या चित्राची वाट बघू लागले.

क्लासचं नाव होतं 'ताटातल्या आठवणी'. तिसऱ्या आठवड्यात श्रावणीनं सांगितलं, "ज्या पदार्थाचा नुसता वास आला की तुम्हाला घर आठवतं, तो काढायचा. आणि तो कुणाच्या हातचा, ते सगळ्यांना सांगायचं."

निमगावकरांना विचार करावा लागला नाही. त्यांनी पितळी डबा काढला, त्यात तपकिरी लाडू काढले, आणि डब्याच्या कडेवर ठेवलेला आईचा हात काढला. त्या हातातली काचेची हिरवी बांगडी रंगवताना त्यांना फार बरं वाटत होतं. शनिवारी चित्र मोबाइलसमोर धरून ते म्हणाले, "हे सुकडीचे लाडू. बहात्तरच्या दुष्काळातले. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना सुकडी ठाऊक असेल, भाजलेलं पीठ आणि गूळ. सरकारकडून यायची. माझी आई त्यात जरासं तूप टाकून लाडू वळायची. करमाळ्याला आमच्या गल्लीत मुलं वास घेत दारात उभी राहायची. दिवस वाईट होते, पण आईच्या हाताला चव होती."

पडद्यावरच्या चौकोनांतून टाळ्या दिसल्या. श्रावणी म्हणाली, "काका, किती सुंदर! आपण हे चित्र पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर घेऊ या." क्लास संपला की सगळ्यांच्या चित्रांची छापील पुस्तिका निघायची होती.

मग बजाबाईंचा आवाज आला. "सर, एक इचारू का?"

"विचारा की."

"सुकडी तर दुष्काळी कामावरच्या मान्सांनाच मिळायची. तुमच्या घरी कशी काय आली?"

प्रश्नात काही खोच नव्हती. बाईंना खरंच जाणून घ्यायचं होतं. पण निमगावकरांनी हातातलं चित्र खाली घेतलं. पन्नास वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता. लाडू आठवत होते, आईचं हसू आठवत होतं. त्याच्या मागचं सगळं कुठेतरी गाडलं गेलं होतं. ते एका क्षणात वर आलं, आणि सगळे आपल्याकडे बघतायत असं वाटून ते म्हणून गेले, "आई जायची ना कामावर. खडी फोडायला."

"आगं बया," बजाबाई म्हणाल्या. "म्हंजी तुमी आमच्यातलंच म्हणा की."

श्रावणीनं डोळे पुसले. बँकेतल्या एका गृहस्थांनी हात जोडून पडद्याला नमस्कार केला.

क्लास संपला तेव्हा रुक्मिणीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. सासूबरोबर त्यांनी एकवीस वर्षं संसार केला होता.

"आई खडी फोडायला कधी गेल्या होत्या?" त्यांनी विचारलं.

"अगं, बोलण्याच्या ओघात निघालं."

"मामंजी शाळामास्तर होते. दुष्काळातही पगार चालू होता, असं आईच सांगायच्या."

"म्हटलं ना, ओघात निघालं," निमगावकर जरा जोरात म्हणाले आणि ब्रश धुवायला बेसिनकडे गेले. ब्रश स्वच्छ झाला तरी ते बराच वेळ नळाखाली हात धरून उभे होते.

पुढच्या बुधवारी बजाबाईंची पाळी होती.

त्यांनी मोठा कागद आणला होता. हळदीचा पिवळा माळ, कोळशानं काढलेली माणसांची लांब रांग, रांगेच्या पुढच्या टोकाला एक पाटी आणि पाटीजवळ बसलेली बाई. जरा बाजूला खुर्चीवर एक तरुण पोरगा. त्याला अंगरखा होता, हातात वही होती, पण तोंड नव्हतं.

"सरांनी सुकडीचं काढलं, मला बी तेच सुचलं," त्या म्हणाल्या. "आमच्या जेऊरच्या म्होरं माळावर तलावाचं काम निघालं व्हतं. मी धा वर्साची. आई खडी फोडायची, मी पाटीतनं खडी उचलायची. दुपारी सुकडी वाटायचे. आमी पोरं रांगंत मागं असायचो. आन लई येळा आमच्यापतूर यायच्या आत सुकडी संपायची. माजा धाकटा भाऊ रावजी मोकळी वाटी चाटायचा."

बजाबाईंनी खुर्चीवरच्या पोरावर बोट ठेवलं. "हा आमचा हजेरीचा कारकून. नाव आठवत न्हाय, आमी कारकूनच म्हणायचो. लई चांगला मानूस. दुपारच्या सुट्टीत त्यानं मला मस्टरच्या फाटक्या कागदावर माजं नाव लिवायला शिकवलं. ब, जा, बा, ई. आमच्या घरात पैली सही मी केली. त्येचं तोंड काडायला गेले तर आठवंना, म्हनून तसंच ठिवलं."

निमगावकरांचा हात मोबाइलकडे गेला, पण कॅमेरा बंद करायचं बटण त्यांना सापडेना.

"आणि ही पाटीजवळची बाई कोण, मावशी?" श्रावणीनं विचारलं.

"ती मायाक्का. अक्कलकोटकडची. अर्धं कानडी बोलायची. ती वाटायला असायची." बजाबाईंचा आवाज कडक झाला. "तीच सुकडी चोरायची. शेवटी धरली तिला बायकांनी. पदराच्या गाठीत मूठभर सुकडी निगाली. हाकलली तिला. आन बघा, दुसऱ्या दिवसापासनं सुकडी शेवटच्या पोरापतूर पुरायला लागली."

आता बटण सापडलं. निमगावकरांचा चौकोन काळा झाला.

खरं काय घडलं होतं ते निमगावकरांना आता क्रमाक्रमानं आठवत होतं, आणि एक क्षणही पुसट नव्हता. एकोणीस वर्षांचा, मॅट्रिक झालेला, वडिलांच्या ओळखीनं तात्पुरता कारकून म्हणून चिकटलेला तो पोरगा राहुटीत राहायचा. सुकडीची पोती त्याच्या ताब्यात असत. पहिल्यांदा त्यानं वाटीभर सुकडी शनिवारी घरी नेली ती सहज, आईला दाखवायला. आईनं तुपात परतून लाडू केले आणि म्हणाली, "शरद, उरलेली असते का रे ही? असली तर आणत जा." उरलेली नसते हे तो बोलला नाही. मग तो रोज वाटप सुरू व्हायच्या आधी दोन-तीन वाट्या बाजूला काढून पत्र्याच्या पेटीत ठेवू लागला. शनिवारपर्यंत पिशवी भरायची. घरात भूक नव्हती. ज्वारी होती, दूध होतं. नुसतं गोड नव्हतं. आई खूश व्हायची, गल्लीत वाटायची, आणि कर्ता मुलगा झाल्यासारखं त्याला वाटायचं.

मायाक्काला ते माहीत होतं. पाटी तिच्याकडे येताना कमी भरलेली असायची, तिला कळणार नाही तर कुणाला? ती एकदाच म्हणाली होती, "साहेब, पोरांना कमी पडतंय." त्यानं वहीतून डोकं वर काढलं नव्हतं.

ज्या दिवशी बायकांनी तिला घेरलं, त्या दिवशी तो चार हातांवर उभा होता. कुणीतरी तिचे केस धरले. पदर ओढला, गाठ सोडली. त्या गाठीत तिच्या वाटणीची सुकडी होती. ती स्वतः न खाता लेकीला नेत असे, हेही त्याला ठाऊक होतं. मायाक्का ओरडली, "साहेबांना विचारा! त्यांना विचारा!" सगळ्या बायका त्याच्याकडे वळल्या. आणि तो म्हणाला, "मला काही माहीत नाही."

त्या संध्याकाळी मायाक्का लेकीचा हात धरून रुळाच्या कडेनं कुर्डुवाडीच्या दिशेनं चालत गेली. दुसऱ्या दिवसापासून त्यानं पेटीत सुकडी ठेवणं बंद केलं. पश्चात्तापानं नव्हे. आता कमी पडली असती तर लोकांनी पुन्हा विचारलं असतं, म्हणून.

शनिवारी त्यांनी गुडघा दुखतोय म्हणून क्लास चुकवला. श्रावणीचा फोन आला, "काका, मुखपृष्ठ छापायला टाकतेय हं." ते बरं म्हणाले. फोन ठेवल्यावर आपण 'नको' म्हणू शकलो असतो असं त्यांच्या लक्षात आलं. मग रविवारी बजाबाईंचा आवाजी निरोप आला. "सर, बरं वाटतंय का आता? एक इचारायचं व्हतं. तुमची आई कुटल्या कामावर व्हती? जेऊरच्या असली तर माज्या आईच्या वळखीची असंल. नाव सांगा की. मी गावातल्या म्हाताऱ्यांना इचारते."

निमगावकरांनी तो निरोप चार वेळा ऐकला. त्यांची आई, जी उन्हात कधी छत्रीशिवाय गेली नाही, तिचं नाव घेऊन ही बाई आता जेऊरमध्ये दारोदार विचारणार होती.

सोमवारी सकाळच्या गाडीनं ते जेऊरला गेले. रुक्मिणीबाईंना सांगितलं, क्लासमधल्या एका बाईंना भेटायचंय. त्यांनी एवढंच विचारलं, "गुडघा?" आणि पाण्याची बाटली पिशवीत घातली.

बजाबाईंचं घर स्टेशनपासून रिक्षानं दहा मिनिटांवर होतं. दारात त्यांना पाहून बाई इतक्या हरखल्या की त्यांना धड बसूही देईनात. "या की सर, या! आगं, सर आलेत, पानी आन! पोहे टाक!" सून लगबगीनं आत गेली. बजाबाईंनी पटकूर झटकून बाजेवर टाकलं.

"पोहे नकोत," निमगावकर म्हणाले. "आधी मला बोलायचंय."

"बोला की."

"माझी आई कधीच कामावर नव्हती. मी खोटं बोललो." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "बजाबाई, तो कारकून मी."

बाईंनी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग त्या खुलल्या. "तुमी? खरंच? आवो, मग सांगायचं न्हाय का! किती शोधलं असंल मी..."

"थांबा," ते म्हणाले. "सुकडी मी नेत होतो. मायाक्का नाही. मी रोज काढून ठेवायचो आणि शनिवारी घरी न्यायचो. तिच्या पदरात निघाली ती तिची स्वतःची होती. तिनं मला विचारा म्हटलं, आणि मी माहीत नाही म्हणालो."

सून पोह्यांची कढई खाली ठेवून दारात आली होती. बजाबाईंनी तिच्याकडे न बघता हातानंच आत जायची खूण केली. मग त्यांनी अंगणातल्या कोंबड्यांकडे तोंड वळवलं.

"मायाक्काच्या झिंज्या माज्या आईनं धरल्या व्हत्या," त्या म्हणाल्या. "मी मागं हुबी राहून चोरटी, चोरटी म्हणून वरडत व्हते. माजी आई मरंस्तोवर सांगायची, त्या चोरटीला आमी हुसकली म्हणून. मोठेपणानं सांगायची. सुनंला सांगायची, नातवंडांना सांगायची. मी परवा क्लासात सांगितलं, समद्यांच्या म्होरं."

"मला माफ करा," निमगावकर म्हणाले.

"माज्याकडं कशाला मागताय? मी काय मायाक्का हाय?"

मान खाली घालून ते बसले. बहात्तर वर्षांचा माणूस, इस्त्रीच्या शर्टातला.

"ती कुठे गेली, काही कळलं का पुढे?" त्यांनी विचारलं.

"कुनी चौकशी केलीया? चोरटीची कुनी चौकशी करतं व्हय?" बजाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "आन मला नाव लिवायला शिकवलं, ते खरं का?"

"ते खरं."

"तेच वंगाळ झालं बगा. खोटं असतं तर बरं वाटलं असतं. आता सही करताना तुमीच आठवणार."

आत चहा झाला होता. सून कप ठेवून परत गेली. निमगावकर उठू लागले, तेव्हा बजाबाई म्हणाल्या, "चा घ्या. दारात आलेल्याला तसं लावून देत न्हाय आमी." त्यांनी चहा घेतला. तो फार गोड होता. बाई समोर बसून, कप रिकामा होईपर्यंत, त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"क्लासात सांगाल का?" त्यांनी कप खाली ठेवताच बजाबाईंनी विचारलं.

"सांगतो."

"आईचं बी सांगा. खडी फोडली म्हणालात ते. आमच्या आयांच्या हाताला घट्टं पडल्यालं, सर. ते कुनी उगंच घ्यायचं नसतं."

घरी परतल्यावर त्यांनी रुक्मिणीबाईंना सगळं सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या. सांगून होईपर्यंत त्यांचा हात थांबला नाही.

"आईंना माहीत होतं?"

"उरलेली मिळते, असं वाटायचं तिला."

"वाटायचं, का तुम्ही वाटू दिलं?" त्यांनी सालं गोळा करून मुठीत घेतली. "आईंचा मला फार अभिमान होता हो. त्या लाडवांची गोष्ट मी मुलांना किती वेळा सांगितली असेल." आणि त्या उठून आत गेल्या.

बुधवारी चार वाजता निमगावकर मोबाइलसमोर बसले. रुक्मिणीबाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी दार लावून घेतलं होतं. श्रावणीनं सगळ्यांचं स्वागत केलं, आज भाज्यांच्या सावल्या शिकायच्या आहेत असं सांगितलं. निमगावकर म्हणाले, "ताई, मला आधी पाच मिनिटं द्या."

त्यांनी लिहून आणलं होतं, पण तो कागद बाजूला ठेवला आणि तोंडानं सांगितलं. आई कामावर नव्हती. बजाबाईंच्या चित्रातला बिनतोंडाचा पोरगा ते स्वतः. लाडवांसाठी सुकडी कुठून आली ते. मायाक्कानं काही चोरलं नव्हतं. शेवटी त्यांचा आवाज इतका खाली गेला की शेवटची दोन वाक्यं त्यांची त्यांनाच नीट ऐकू आली नाहीत.

एक चौकोन बंद झाला; ज्यांनी त्या दिवशी हात जोडले होते, ते बँकेतले गृहस्थ निघून गेले होते. मग निवृत्त शिक्षकांपैकी एक जण समजुतीच्या सुरात म्हणाले, "निमगावकर, एवढं मनाला लावून घेऊ नका. त्या काळात सगळेच करायचे."

आयुष्यभर असलं वाक्य ऐकून निमगावकरांना हायसं वाटलं असतं. आज ते वाटलं नाही.

"सगळे करत नव्हते," ते म्हणाले. "मायाक्का करत नव्हती. मी करत होतो."

तेवढ्यात बजाबाईंनी माइक सुरू केला. त्यांच्यामागे आज काही नव्हतं, नुसती भिंत होती.

"सर, शेवटचं नीट ऐकू आलं न्हाय," त्या म्हणाल्या. "नाव घेऊन परत सांगा. मोठ्यानं."

निमगावकरांनी मान वर केली आणि मोठ्यानं सांगितलं, "मायाक्कानं सुकडी चोरली नव्हती. ती मी, शरच्चंद्र निमगावकरनं चोरली. तिला मारलं तेव्हा मी गप्प उभा होतो."

स्वयंपाकघराचं दार लाकडी होतं, पण पातळ. आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

"आन मी तिला चोरटी म्हणाले," बजाबाई म्हणाल्या. "ते बी समद्यांनी ऐकून ठिवा." आणि त्यांनी माइक बंद केला.

मुखपृष्ठावरचं चित्र निमगावकरांच्या सांगण्यावरून काढून टाकलं गेलं. श्रावणीनं तिथं दुसऱ्या कुणाचं वांग्याचं भरीत छापलं. निमगावकरांच्या आवाजी निरोपांना बजाबाईंनी पुन्हा कधी उत्तर दिलं नाही. निमगावकरांनी अक्कलकोटकडच्या दोन ओळखीच्या माणसांना मायाक्काबद्दल विचारून पाहिलं. दोघांनीही आधी विचारलं, आडनाव काय? ते त्यांना माहीत नव्हतं. मस्टरवर तिच्या नावापुढे रोज त्यांनीच हजेरी लावली होती, आणि तरी माहीत नव्हतं.

क्लास त्यांनी सोडला नाही. सोडला असता तर सोपं गेलं असतं. ते चार वाजता येऊन बसत, कॅमेरा चालू ठेवत, आणि सगळ्यांना दिसत.